गरिबाच्या वीजबिलातली सवलत : पैसा कोणाचा, तपासणी कोणाची?



कृषिपंपाच्या बिलावर आपल्याकडे पारावर पुष्कळ बोललं जातं. गरीब घराच्या दिव्याच्या बिलावर फारसं कोणी बोलत नाही. सबब या अंकात त्याचा थोडा अभ्यास करू.

आपली बरीच मुलं पोटासाठी मुंबई-ठाण्याकडे गेली. भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनजवळ समुद्राकाठी पाली नावाचं मासेमारीचं गाव आहे. ते मीरा-भाईंदर महापालिकेत मोडतं. त्या भागात वीज अदानी कंपनीची, आपल्याकडे महावितरणची. पण कंपनी कोणतीही असो, दर ठरवतो महाराष्ट्र वीज नियामक आयोग. हा १९९९ साली स्थापन झाला. म्हणून पालीच्या कोळणीला आणि आपल्या ऊसतोड मजुराला सवलतीची मोजपट्टी एकच.

ती मोजपट्टी अशी. मंजूर भार ठरवून दिलेल्या मर्यादेत आणि मागील आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांच्या आत असेल, तर घर दारिद्र्यरेषेखालील दरात बसतं. म्हणजे महिन्याला ३० युनिटं, दिवसाला एक. आता हिशोब करून बघा. ७० वॅटचा पंखा चौदा तास फिरला की दिवसाचं एक युनिट जवळपास संपलं. वर दोन दिवे लावले की झालं! फ्रिजचं तर नावच नको. वर्षाअखेर आकडा ३६० च्या पुढे गेला की घर साध्या घरगुती दरात जातं, आणि एकदा तिकडं गेलेलं घर परत या दरात येत नाही, अशी अट आयोगाच्या दर-आदेशांत लिहिलेली आहे. घरात बाळंतीण आहे की आजारी म्हातारा, हे मीटर विचारत नाही. आमच्या मते ही अट फार कडक आहे. निदान एका वर्षाची माफी असायला हवी होती.

भाड्याच्या खोल्यांची गोष्ट आणखी वेगळी. घरगुती दर पायरीपायरीने चढतो. पहिली पायरी १०० युनिटांची. दोन कुटुंबं एकाच मीटरवर असतील आणि प्रत्येकी ७० युनिटं वापरत असतील, तर मीटरवर १४० दिसतात. वरची ४० महागड्या पायरीत गेली. दोघंही काटकसरीचे, तरी भुर्दंड दोघांना. म्हणून खोली घेताना मुलांनी स्वतंत्र मीटर आहे का, हे आधी विचारावं.

आता पैसा कोणाचा? इथं बहुतेकांची गल्लत होते. दारिद्र्यरेषेखालील स्वस्त दराचा भार मुख्यत्वे इतर ग्राहकांच्या, म्हणजे कारखाने, दुकानं वगैरेंच्या चढ्या दरातून निघतो. सरकारला त्याहून जास्त सूट द्यायची असेल तर वीज कायदा २००३ चं कलम ६५ आडवं येतं : अनुदानाची रक्कम आधी भरा, मगच सूट. जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना काढली, तिचं ओझं असं सरकारी तिजोरीवर आहे.

पैसा नसला की काय होतं, हे २०२० साली दिसलं. टाळेबंदीत मीटर वाचले गेले नाहीत, सरासरीने बिलं आली आणि जूनमध्ये एकदम मोठा आकडा अंगावर आला. आयोगाने दुपटीहून जास्त बिल असलेल्यांना तीन हप्त्यांची सोय दिली. सरकारकडून सवलतीची आशा मात्र नोव्हेंबरात संपली. तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी बिल भरावंच लागेल असं सांगून टाकलं.

देखरेखीसाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये नियम केला. त्यानुसार आयोगाने दर तिमाहीला प्रत्येक वितरण कंपनीचा अनुदानाचा हिशोब तपासायचा : मागणी खरोखर वापरलेल्या युनिटांवर आहे का, सरकारने पैसे भरले का. अमेरिकेत हीच मदत अर्जावर मिळते. तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१० साली सात राज्यांचे अर्ज तपासले, तेव्हा हजारो अर्ज मयतांच्या नावांवर निघाले! आपली पद्धत मीटरवर चालते, त्यामुळे मेलेला माणूस सवलत खात नाही. पण मीटर चुकलं किंवा वाचलंच गेलं नाही, तर जिवंत माणूस सवलतीला मुकतो.

अशा वेळी काय करावं? कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिल वादग्रस्त असेल तर निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यांतली जी कमी ती भरावी. वाद मिटेपर्यंत वीज राहते. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही. तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे, मुंबईला किंवा नागपूरला, अर्ज करता येतो. सोबत मागील वर्षाची सगळी बिलं जोडावीत, कारण ३६० चा हिशोब त्यांवरूनच होतो.