मळा आणि खाडी: घरची दोन शेतं विकण्याआधी

बारावीचा निकाल लागला की कोकणातल्या पालकांचे तेच प्रश्न येतात. ‘पर्सेंटाइल कमी आलेत, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेऊ का?’ ‘नीट गेली, आणखी एक वर्ष बसवू का?’ परवा एका वडिलांनी विचारलं, ‘फीसाठी खाडीकाठची जमीन काढू का?’

माझं उत्तर स्पष्ट आहे: काढू नका. गणितात रमणाऱ्या मुलाने इंजिनिअरिंगला जरूर जावं. पण शाखेच्या नावात एआय आहे एवढ्यावरून, जिथे धड प्रयोगशाळा नाही अशा कॉलेजात चार वर्षं आणि जमीन घालवणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. फार्मसी, नर्सिंग, स्पर्धा परीक्षा या वाटा तुम्हाला ठाऊक आहेतच. मला बोलायचंय ते तुम्ही ज्याकडे बघतही नाही त्याबद्दल: जमिनीवरची भाजी आणि खाडीतले शिनाणे, कालवं.

शिनाण्यांना खाद्य घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खाऊन ते वाढतात. पाऊस सरला, खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं की खडकांवरचं बी आणून दोरीभोवती सुती जाळीत गुंडाळतात आणि दोऱ्या बांबूच्या मांडवाला पाण्यात टांगतात. सूत कुजेपर्यंत शिनाणे स्वतःच्या तंतूंनी दोरी धरतात. पाच-सहा महिन्यांत, पावसाआधी, काढणी होते. भात कापल्यावर ओलीवर वाल-पावटा, पाण्याची सोय असेल तर माठ, वांगी, चवळी याच दिवसांत होतात. भाजी आठवड्याच्या बाजारात रोकड देते, शिनाणे हंगामाच्या शेवटी एकरकमी पैसा देतात. एकाच घराला दोन्ही जमतात, कारण दोऱ्यांना वाफ्यांसारखं रोज पाणी द्यावं लागत नाही.

यातले धोकेही ऐका. अवकाळी पावसाने खारटपणा उतरला तर शिनाणे मरतात. पाण्यात सांडपाणी असेल तर त्यातले जंतू शिंपल्यात साठतात आणि खाणारा आजारी पडतो, म्हणून जागेची निवड आणि विक्रीआधीचं शुद्धीकरण शिकावंच लागतं. खाडी तुमच्या नावावर नसते, परवानगी काढावी लागते. भाजीचा भाव कोसळतो. नेमकं म्हणूनच इथे शिकलेलं माणूस हवं.

शिकायचं कुठे? दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात कृषी आणि उद्यानविद्येच्या पदव्या आहेत. कोकण सदाबहार चवळी आणि कोकण तारा कारलं ही वाणं याच विद्यापीठाची. रत्नागिरीजवळ शिरगावला त्यांचं मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे चार वर्षांची बी.एफ.एससी. होते. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र हवं. पुढे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण आहे. नोकरीच हवी असेल तर बँकांच्या कृषी अधिकारी पदाला या पदव्या चालतात. स्वतःचं काही उभारायचं असेल तर २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पात्र प्रकल्पांना ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला.

आता पालकांना दोन शब्द, कडू लागले तरी. ‘काहीच जमलं नाही म्हणून शेती’ असं मुलासमोर म्हणू नका. नापास मुलाला ढकलण्याची ही जागा नाही. इथे रसायनशास्त्र लागतं, हिशेब लागतो, पहाटे उठणं लागतं. मुलाला याची आवड नसेल तर हा लेख वाचून त्याच्यावर हेही लादू नका. आणि आवड असेल तर ‘लग्न कसं जमणार’ या भीतीपोटी त्याला पुण्याच्या भाड्याच्या खोलीत पाठवू नका. किती मुलं तिथे पालकांच्या प्रतिष्ठेसाठी कुढत दिवस काढतात, ते मी बघत आलोय.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक करा. किर्लोस, लांजा किंवा रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात मुलाला घेऊन जा आणि तिथल्या तज्ज्ञांना प्रश्न त्यालाच विचारू द्या. तुम्ही गप्प बसा. निर्णय त्यानंतर घ्या, आणि तो होईपर्यंत जमिनीच्या कागदांना हात लावू नका.