व्हार्निशवर रंग

अल्लीपूरच्या आमच्या वर्गात सागवानी पेटी आहे. वर्गाची पुस्तके तीतच राहतात. व्हार्निश काळवंडले, म्हणून आम्ही वरूनच निळा रंग फासला. पावसाळ्यात पोपडे सुटले. पुस्तकांना बुरशी आली.

असे का झाले? व्हार्निश काचेसारखे गुळगुळीत. रंगाने धरायचे कशाला?

मग पेटी सोड्याच्या पाण्याने धुतली, दोन दिवस वाळवली. पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने घासली. चकाकी पुरती गेली पाहिजे. इथे कंटाळा करायचा नाही. कोरडे घासू नये, धूळ उडते. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला बाधते. म्हणून पोपडे वेचून घ्यावे, पोरांना दूर ठेवावे. २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे चालत नाही. डब्यावर तसे छापलेले पाहूनच रंग घ्यावा. आता वाचता येते ना!

भेगांत लांबी भरली, अस्तर दिले. तेलरंगाचे दोन पातळ हात दिले, मध्ये एक दिवस सोडून. जाड हात वरून वाळतो अन् आत ओलाच राहतो.

एक सांगायचे राहिले. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. तो कधी कधी आपोआप पेटतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवा.

पेटी आता विटांवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली आहे.