नरनाळ्याच्या अरण्यांत

शेलूबाजारच्या आसपास कपाशी-तुरीचीं शेतें पाहत वाढलेल्या आपणांस घनदाट अरण्य पाहावयाचें असेल, तर अकोल्यावरून उत्तरेस अकोटास जावें. तेथून पुढें सातपुड्याच्या पायथ्याशीं शहानूर हें गांव लागतें. वनखात्याची परवानगी घेऊन व वाटाड्या बरोबर घेऊन येथूनच नरनाळा किल्ल्याची पायवाट धरावी.

वाट साग, धावडा, सालई व मोह या वृक्षांमधून चढत जाते. चढतांना ध्यानांत येतें कीं, या किल्ल्याचा पहिला तट दगडांचा नसून झाडांचाच होता. अहमदशहा बहामनी यानें इ. स. १४२५ च्या सुमारास किल्ल्याची डागडुजी करविली. पुढें १४८७ मध्यें बांधलेल्या महाकाली दरवाजावर कोरलेलीं कमळें व जाळीकाम आजहि मन वेधून घेतें. राजवटी गेल्या, तोफा मुक्या झाल्या. अरण्य मात्र आपल्या पहाऱ्यावर उभेंच आहे.

तें आतां कशाचें रक्षण करितें? एक तर वन्य पशूंचें. १९७३-७४ सालीं देशांत जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प स्थापन झाले, त्यांत मेळघाट होता. नरनाळ्याचें अरण्य आज त्याचाच भाग आहे. दुसरें, पाण्याचें. खालीं पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट लागतें. उलट, डोंगरउतारावरील वृक्ष पावसाचा वेग मोडतात, पाणी जमिनींत मुरवितात, व तेंच गोडें पाणी ओढ्यांच्या रूपानें सपाटीस येतें.

परंतु या शांततेचें मोल कोणी तरी दिलें आहे, हें विसरतां कामा नये. चालू शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा व कुंड या गांवांतील कोरकू कुटुंबांनीं वाघांसाठीं आपलीं घरें सोडून अकोटकडील सपाटीवर वस्ती केली. त्यांच्या मागून आणखीहि गांवें उठलीं. ज्यांचे पूर्वज या रानांत वाढले, ते दूर गेले. आणि आपण मात्र कौतुकानें पाहावयास येतों!

म्हणून पायवाट सोडूं नये, गोंगाट करूं नये, कागदाचा कपटाहि मागें टाकूं नये. जेथून घरधनी उठून गेले, तेथें पाहुण्यानें अधिकच जपून वागावें, हाच या अरण्याचा धडा होय.