कोंबडा बदलला

भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. एक अंडे, एक रेघ. सुनेने त्या मोजल्या.

"आत्याबाई, तांबड्या कोंबडीची वर्षाची अंडी झाली ५५."

"अगं, गावरान कोंबडी तेवढीच द्यायची!"

आत्याबाईंचे खरे होते. गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ६० अंडी देते. बारा-पंधरा अंडी घातली, की ती खुडूक होते. २१ दिवस अंडी उबवते. मग पिले सांभाळते. तेवढे दिवस अंडी बंद.

पण तिचे गुणही थोडे नाहीत. ती उकिरड्यावर चरून पोट भरते. ऊन-पाऊस सोसते. घार दिसली, की पिलांना पंखाखाली घेते.

पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला अडीचशेवर अंडी देते. पण तिला विकतचे खाद्य लागते, बंदिस्त घर लागते. मोकळी सोडली तर मुंगसापुढे तिचा टिकाव लागत नाही.

मग वाट कोणती? संकर. पिलाला निम्मे गुण आईचे आणि निम्मे बापाचे मिळतात. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो एक बदलला, की सगळी पिले सुधारतात.

सुनेने उबवणी केंद्रातून ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबडा कोंबडा आणला. आत्याबाई रागावल्या.

"घरचा कोंबडा काय वाईट होता?"

"आत्याबाई, तो ह्याच कोंबड्यांचा भाऊ. आपण बहीण-भावाची सोयरीक करतो का? तशी पैदास झाली, की पिले मरतुकडी निघतात, अंडी घटतात."

आत्याबाई हसल्या. जुना कोंबडा बाजारात गेला. शेजारणींनाही समजावले. आळीत दुसरा कोंबडा फिरला, तर मेहनत फुकट!

आत्याबाईंना एकच धास्ती होती. मागे एका उन्हाळ्यात मानमोडी आली. आठ दिवसांत निम्मे खुराडे रिकामे झाले. घरचा मीठ-मिरचीचा पैसा बुडाला. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, "नव्या पिलांना तो रोग होणार नाही ना?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, मानमोडी म्हणजे राणीखेत. तो जात बघत नाही. काटक पिलू लहानसहान दुखणी सोसते, पण राणीखेतीला लसच हवी. सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घाला. आठव्या आठवड्यात टोचून घ्या. लस बर्फात ठेवूनच आणा. उन्हात ती निकामी होते. आणि रोग येण्याआधी द्या. मागाहून उपयोग नाही."

सहा महिन्यांनी तलंगा अंडी घालू लागल्या. वर्ष भरले तेव्हा एकेकीची अंडी शंभरावर गेली. त्या फारशा खुडूक होत नाहीत. म्हणून सुनेने दोन गावरान कोंबड्या राखल्या. उबवायचे काम त्यांचे. घरचे नर ती विकते. दर दोन वर्षांनी बाहेरून नवा कोंबडा आणते.

आता भिंतीवर रेघा नाहीत. सून वहीत आकडा लिहिते. आत्याबाई चष्मा लावून तो स्वतः वाचतात.

सांगा पाहू :
१. गावरान कोंबडीची अंडी मध्येच का बंद होतात?
२. घरचाच कोंबडा पैदाशीला का ठेवू नये?
३. पिलाला पहिली लस कोणत्या दिवशी द्यावी?
४. तुमच्या घरी एक कोंबडी वर्षाला किती अंडी देते? आजपासून वहीत लिहा.