मोटारींतील अडकणारा सुरक्षापट्टा
व्होल्वो कंपनीच्या नील्स बोहलिन यांनीं १९५९ सालीं योजिलेला तीन ठिकाणीं बांधलेला पट्टा आज सर्वत्र रूढ आहे. परंतु जुन्या गाडींत तो अडकतो म्हणून न लावतांच बाजारास जाणारे कास्तकार आम्ही पुष्कळ पाहतों.

प्रथम गाडी सपाट जागीं आणावी. बांधाकडेस तिरकी उभी असल्यास किंवा झटका दिल्यास पट्टा आपोआप अडतो. तो दोष नव्हे, गुणच होय.

खरा दोष बहुधा मळाचा असतो. घाम व धूळ यांचा थर पट्ट्यावर आणि खांद्याजवळील कड्यांत बसतो. यास्तव पट्टा पूर्ण ओढून गुंडाळीच्या पेटीजवळ चिमट्यानें धरावा, सौम्य साबण व कोमट पाण्यानें मऊ ब्रश फिरवून धुवावा व कडें पुसावें. पेटींत पाणी जाऊं देऊं नये. रात्रभर वाळल्यावरच चिमटा काढावा. तेल लावण्याची पुष्कळांस हौस असते. त्यावर धूळ अधिकच बसते. रंग उडविणारें चूर्णहि नको, त्यानें धागे कुजतात.

एवढ्यानें न भागल्यास पेटी स्वतः उघडूं नये. आंत ताणलेली कमान असते, आणि कांहीं गाड्यांत स्फोटक दारूहि. धागे तुटलेला किंवा अपघातांत ताण सोसलेला पट्टा न धुतां नवाच बसवून घ्यावा.