थरथर कोठून येते? जुन्या स्पोर्ट्स कारच्या एका दोषाचा अभ्यास

स्मरणिकेत आठवणी लिहाव्यात असा प्रघात आहे. आम्ही दोघे माजी विद्यार्थी मात्र येथे एक पाठ मांडीत आहोत. शाळेतून बाहेर पडल्यावर आम्ही मोटारदुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि पुढे पुण्यातच भागीदारीत गॅरेज काढले. हा पाठ आम्हांला एका जुन्या गाडीने शिकवला व त्याची किंमतही आम्हीच मोजली. यंत्रविद्या शिकणाऱ्या मुलांना तो उपयोगी पडावा; आणि ज्यांच्या दारात साधी मोटार उभी असते, त्या पालकांनाही गॅरेजमध्ये नेमके काय विचारावे हे त्यावरून कळावे, एवढाच हेतू.

गाडी आणि तक्रार

गाडी होती एमजीबी. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात बनलेली, दोन आसनांची स्पोर्ट्स कार. तिचे १,७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे असते आणि चालना मागच्या चाकांना मिळते. इंजिनाची शक्ती क्लच व गिअरबॉक्समधून एका लांब फिरत्या दांड्यात, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमध्ये उतरते. तेथून डिफरन्शियलमध्ये आणि अखेर चाकांत. शाफ्टच्या दोन्ही टोकांना वळणारे सांधे असतात. पुस्तकात त्यांना युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’.

गाडीचे मालक एक निवृत्त गृहस्थ. ताशी ७० किलोमीटरच्या पुढे आसनाखाली थरथर जाणवते आणि गाडीत घुमल्यासारखा आवाज येतो, अशी त्यांची तक्रार होती. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही त्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस बदलून दिले होते. म्हणून शाफ्टवर आम्ही संशयच घेतला नाही. ‘ते काम तर नवेच आहे,’ असे म्हणून चाकांकडे वळलो. व्हील बॅलन्सिंग केले. फरक पडला नाही, तेव्हा मागचे दोन टायर बदलायला लावले. तरीही थरथर तशीच. मग चाके बसवणाऱ्या शिकाऊ मुलाला आम्ही चार शब्द सुनावले. तो काही बोलला नाही.

तीन प्रश्न

अखेर आम्ही सुटे भाग बदलणे थांबवले आणि वही घेऊन बसलो. थरथरीचा शोध घेताना आधी एकच गोष्ट पाहायची असते : ती कोणाच्या मागे जाते? इंजिनाच्या फेऱ्यांच्या मागे, गाडीच्या वेगाच्या मागे, की ओढीच्या मागे?

पहिली कसोटी : गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवले. थरथर नाही. इंजिन किंवा त्याची रबरी फाउंडेशने सैल असती, तर ती येथेच दिसण्याचा संभव अधिक होता.

दुसरी कसोटी : मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ८० चा वेग धरला, एकदा चौथ्या गिअरमध्ये, एकदा तिसऱ्यात. चौथ्यात इंजिन मिनिटाला सुमारे २,७५० फेरे घेते, तिसऱ्यात जवळपास ३,८००. थरथर दोन्ही वेळा सारखीच. म्हणजे ती इंजिनाच्या मागे जात नव्हती, गाडीच्या वेगाच्या मागे जात होती.

तिसरी कसोटी : त्याच वेगात क्षणभर क्लच दाबला. थरथर थोडी मंदावली, पण गेली नाही. ओढीने ती वाढत होती; तिचे मूळ मात्र फिरण्यातच होते.

या तीन उत्तरांनी अर्धी गाडी निर्दोष ठरली. दोष गिअरबॉक्सच्या मागे होता.

आकड्यांची साक्ष

आता प्रश्न उरला, चाक की शाफ्ट? येथे शाळेत शिकलेले गणित कामी आले. खडूने खूण करून चाक एक फेरा ढकलले आणि जमिनीवर टेप लावला : सुमारे १.९ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. म्हणून चाक सेकंदाला सुमारे १२ वेळा फिरते. या गाडीच्या डिफरन्शियलचे प्रमाण ३.९०९ आहे, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे जवळपास चार फेरे होतात. म्हणजे शाफ्ट सेकंदाला सुमारे ४६ वेळा फिरतो.

मग मोबाइलवरील ध्वनिमापक सुरू करून शेजारच्या आसनावर बसलेल्याने नोंद घेतली. घुमण्याची कंपने सेकंदाला ९१ च्या आसपास होती. वेग ६० वर आणला तेव्हा ती ६९ च्या जवळ उतरली. चाकाचे १२ नव्हे, शाफ्टचे ४६ही नव्हे. शाफ्टच्या बरोबर दुप्पट.

शाफ्ट वाकलेला किंवा असंतुलित असेल, तर एका फेऱ्यात एक हेलकावा बसतो. एका फेऱ्यात दोन हेलकावे देतो तो क्रॉस. हा सांधा तिरप्या कोनात फिरताना पुढील दांड्याला एकसारखा वेग देत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा किंचित मागे रेंगाळतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने या सांध्याचा अभ्यास केला होता. यावरचा उपाय साधा आहे : शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवायचे आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे राखायचे. मग पहिला सांधा जी चूक करतो, ती दुसरा भरून काढतो. काटे रेषेत नसतील, तर चुका एकमेकींना पुरत्या छेदत नाहीत. उलट त्यांची बेरीजही होऊ शकते.

दोष कोणाचा

गाडी भक्कम स्टँडवर घेतली, चाकांना अडसर लावला, इंजिन बंद केले आणि खाली शिरलो. फिरत्या शाफ्टखाली कोणीही, कधीही जाऊ नये, हे येथे मुद्दाम सांगतो. क्रॉसमध्ये ढिलाई नव्हती. पण शाफ्टच्या सरकत्या दातेरी जोडाजवळ पाहिले, तेव्हा पुढचा काटा आणि मागचा काटा एका रेषेत नव्हते. क्रॉस बदलताना आम्ही तो जोड उघडला होता, खूण न करता. आणि परत बसवताना दाते चुकले होते.

तो जोड आमच्यापैकीच एकाने बसवला होता. शिकाऊ मुलाचा हात त्याला लागलाही नव्हता.

दुरुस्तीला एकही नवा भाग लागला नाही. शाफ्ट उतरवला, काटे रेषेत आणले, ग्रीस भरले, रंगाने खूण केली. ८० च्या वेगाला गाडी शांत झाली. मालकांना घडले ते जसेच्या तसे सांगितले आणि टायरांचे पैसे परत केले. ते अजूनही गाडी आमच्याकडेच आणतात. शिकाऊ मुलाची माफी मागायला आम्हांला अधिक वेळ लागला. ती सर्वांसमोर मागितली, कारण बोललोही सर्वांसमोर होतो.

आपल्या गाडीसाठी

आज बहुतेक घरांतील मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. गोव्यात सॅन मोटर्सने बनवलेली दोन आसनी सॅन स्टॉर्मही तशीच होती. त्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट नसतो, पण पद्धत तीच. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवली तर आधी पुढची चाके पाहावीत, आसनाखाली जाणवली तर मागची बाजू. केवळ वेग वाढवताना थरथरत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच थांबत असेल, तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा आतला सांधा तपासायला सांगावे. आणि कोणताही भाग बदलण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा : ‘हाच भाग कशावरून?’

उत्तर मिळाले नाही, तर नाना पेठेतून नवा भाग आणण्याची घाई करू नये. आमच्या गॅरेजच्या भिंतीवर आता एक ओळ रंगवलेली आहे : ‘शेवटी कोणाचा हात लागला, तेथून शोध सुरू करा.’ ती गिऱ्हाइकांसाठी नाही, आमच्यासाठी आहे.