ठशातला भेद आणि नाण्यावरचा ओरखडा

कॅनडाच्या जुन्या नाण्यांतील ठसाभेद ओळखू पाहणाऱ्या संग्राहकाने भिंगाखाली दिसलेल्या प्रत्येक वेगळेपणाबाबत पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हा फरक ठशातच होता की नाणे पडल्यानंतर उद्भवला. ठसा म्हणजे उलटे चित्र व उलटी अक्षरे कोरलेला पोलादी साचा. अशा दोन ठशांच्या मध्ये धातूची कोरी चकती ठेवून जोराचा दाब दिला की नाणे पडते. ठशातील दोष त्या ठशाच्या नाण्यांवर त्याच जागी पुन्हापुन्हा उमटतो, ओरखडा किंवा ठेच मात्र ज्याची त्याची असते; त्यामुळे त्याच खुणेचे दुसरे नाणे सापडेपर्यंत कोणत्याही खुणेला ‘भेद’ म्हणण्याची घाई करू नये.

नवख्यांची सर्वाधिक फसगत होते ती 1859 च्या एक सेंटवर. लंडनच्या रॉयल मिंटने पाडलेल्या या नाण्यांचे बरेच ठसे 1858 मध्येच तयार झालेले होते, आणि सालातील आकडे पोलादी पंचाने हाताने ठोकले जात असल्यामुळे काही ठशांवर आठाच्या अंकावरच रुंद नऊ ठोकून साल बदलण्यात आले. अरुंद नऊ असलेल्या काही ठशांवर मात्र पंच दोनदा बसला आणि खालच्या नवाची कड वरच्या नवाबाहेर डोकावत राहिली. असा एक प्रकार पूर्वी ‘आठावर नऊ’ म्हणूनच ओळखला जात असे. म्हणून अंकाखाली काहीतरी दिसले एवढ्यावर न थांबता, दिसणारी रेषा आठाच्या वळणाशी जुळते की नवाच्याच शेपटीशी, हे खात्रीच्या नाण्याशेजारी ठेवून तपासावे.

दुहेरी अक्षरांचेही तसेच. नाणे पडताना सैल ठसा किंचित सरकला, तर अक्षराची कड घासली जाऊन सपाट, पायरीसारखी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होते. हे यंत्राचे सरकणे आहे, त्याला संग्राहकांत फारसे मोल नाही. ठशातच अक्षर दुहेरी उमटलेले असेल, तर दोन्ही आकृत्यांना उठाव असतो आणि अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. ठशाच्या खोलगट भागात वंगण व धूळ साचून अक्षर पुसट उमटणे ही तर नित्याची गोष्ट होय.

टाकसाळीने हेतुपुरस्सर केलेल्या खुणा मात्र वेगळ्या जातीच्या असतात, आणि त्यांपैकी एक थेट भारताशी जोडलेली आहे. भारत स्वतंत्र झाल्यावर सहाव्या जॉर्जच्या बिरुदावलीतील ‘भारताचा सम्राट’ या अर्थाची लॅटिन अक्षरे नाण्यांवरून काढणे आवश्यक झाले; परंतु नवी साधने लंडनहून येण्यास विलंब लागल्यामुळे 1948 मध्ये 1947 सालाचीच नाणी पाडून सालाशेजारी मेपलचे छोटे पान उमटवण्यात आले. याच सालाच्या पाच सेंटवर आढळणारा ठिपका मात्र बहुधा ठशाच्या खराबीतून आलेला आहे. पानाइतके महत्त्व त्याला देणे योग्य नव्हे.

झीज आणि ठशाची घासणी यांतील गोंधळ ‘आर्नप्रायर’ डॉलरमध्ये सर्वांत महाग पडतो. इमॅन्युएल हान यांनी रेखाटलेल्या होडीच्या चित्रात उजवीकडे पाण्याच्या बारीक रेषा असतात. ठसा चकचकीत करताना तो जास्त घासला गेला की या उथळ रेषा नाहीशा होतात, आणि 1955 च्या अशा डॉलरांचा एक हिस्सा ओंटॅरिओतील आर्नप्रायर गावी गेल्याने हे नाव पडले. रेषा दीड किंवा त्याहून कमी उरलेली नाणीच या नावास पात्र ठरतात. दोन-अडीच रेषांच्या नाण्याला ते नाव देणे हा विक्रेत्यांचा उत्साह समजावा. शिवाय वापराने झिजलेल्या डॉलरवर रेषा आधीच गेलेल्या असतात, तेव्हा होडीवरील व माणसांच्या आकृत्यांवरील बारकावे शाबूत आहेत ना, हे पाहिल्याखेरीज निर्णय देऊ नये.

झिजलेल्या नाण्यावरही टिकणारे लक्षण शोधणे हाच यावरचा खरा उपाय आहे. 1953 मध्ये मेरी गिलिक यांनी घडवलेल्या राणीच्या प्रतिमेत खांद्यावरील वस्त्राची घडी नीट उमटेना, म्हणून त्याच वर्षी ठशात सुधारणा झाली. जुन्या नाण्यावर घडी शोधणे व्यर्थ ठरते, पण पहिल्या प्रकारातील इंग्रजी ‘आय’ अक्षराची टोके पसरट आणि दुसऱ्यातील जवळपास सरळ असतात, एवढ्यावरून दोन्ही निवडता येतात.

1936 सालाखाली ठिपका असलेले एक सेंटचे नाणे कोणी विकायला आणले, तर तपासणीची जबाबदारी स्वतःवर घेऊच नये. हा ठिपका 1937 मध्ये नवे ठसे वेळेवर न मिळाल्याने मुद्दाम दिलेला होता. पंचवीस सेंटचे असे नाणे चलनात आले. एक सेंटचे अस्सल नमुने मात्र तीनच ज्ञात आहेत.